गोठ्यातला गोल्फ

सोपानतात्या पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी काउंटरवर मांडलेल्या प्रोजेक्टरच्या पाठीवर एक हलकी थाप मारली. मग त्याच्याभोवती चक्कर मारायला निघाले. माझं दुकान अरुंद, चक्कर पुरी होईना, म्हणून त्यांनी मलाच स्टुलावरून उठवलं आणि मागच्या बाजूनं जाऊन यंत्राच्या सगळ्या जाळ्या, पिना आणि भोकं बोटांनी चाचपली. लेन्सवरचं झाकण काढलं आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसं वाकून आत पाहिलं. एवढं झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "खोड काय हाय ह्याला?"

मी पिंपरीच्या बाजारात प्रोजेक्टर, पडदे आणि स्पीकर विकतो, भाड्यानंही देतो. कंपन्यांच्या मीटिंगा, लग्नाचे हॉल, क्रिकेटच्या फायनलला सोसायट्यांची पटांगणं, हा माझा संसार. माझं गिऱ्हाईक मोबाइलवर वाचून, आकडे पाठ करून येतं. उजेडाचे ल्यूमेन किती, चित्र फोर के आहे का, हे मला विचारतं आणि उत्तरही स्वतःच देतं. पण मालात दोष काय आहे, असं इतक्या वर्षांत मला कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी गडबडलो आणि खरं बोलून गेलो. म्हणालो, पंखा जरा आवाज करतो.

"मग न्हाई जमायचं," तात्या म्हणाले. "म्हस पान्हा चोरंल."

म्हशीचा आणि प्रोजेक्टरचा संबंध कळेपर्यंत मला दोन वेळा चहा सांगावा लागला. तात्या कुठलीही गोष्ट मुळापासून सांगतात, आणि त्यांचं मूळ फार खोल असतं. ही गोष्ट त्यांनी त्यांच्या आज्यानं विहीर खणली तिथून सुरू केली. शेवटी माझ्या हाती लागलं ते असं. तात्या चाकणच्या पुढच्या एका गावचे. निम्मं रान कंपन्यांना गेलं, थोडं रस्त्याला गेलं, उरलेल्यात मेथी, कोथिंबीर आणि कोर्टातली एक केस आहे. रस्त्याला लागून तीन मजली बंगला आहे. वरचे दोन मजले दोन मुलांसाठी बांधले होते, पण मुलं मोशीला सोसायटीत राहायला गेली, कारण तिथे लिफ्ट आहे आणि डास कमी आहेत. तात्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. मधल्या मजल्यावर चोई नावाचे एक कोरियन साहेब भाड्यानं राहतात. जवळच्या कारखान्यात ते क्वालिटीचे मोठे अधिकारी आहेत. आणि हे चोईसाहेब आता घर सोडून जायच्या बेतात होते.

ही बातमी चोईसाहेबांच्या ड्रायव्हरनं आणली होती. कंपनीचे बाकीचे कोरियन साहेब वाकडकडच्या एका टॉवरमध्ये राहतात, यांनीही तिकडेच यावं असं वरून चाललंय, करार दिवाळीनंतर संपतोच आहे, आणि त्या टॉवरच्या क्लबमध्ये तर पडद्यावर गोल्फ खेळायची खोली आहे. ड्रायव्हरनं तात्यांना त्या खोलीचा व्हिडिओसुद्धा दाखवला. माणूस खोलीत उभा राहून खऱ्या काठीनं खरा चेंडू समोरच्या कापडी पडद्यावर मारतो. एक यंत्र चेंडूचा वेग आणि दिशा ओळखतं, आणि पडद्यावरच्या चित्रात तोच चेंडू हिरव्यागार मैदानावरून लांब उडत जातो. तात्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, एवढंच ना, आपल्या गोठ्यात एक म्हस सोडली तर समदा रिकामाच हाय की.

एवढा खटाटोप एका भाडेकरूसाठी, असं मी बोलून दाखवलं. तात्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आपल्याला भाड्याशी मतलब," ते म्हणाले. मी दुकानदार माणूस, मला ते लगेच पटलं.

मग दुसऱ्या, कमी आवाजाच्या यंत्राच्या सौद्याची वेळ आली. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात धरला आणि दोघांच्या हातांवर ते टाकलं. चाकणच्या जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, आजूबाजूच्यांना कळता कामा नये. माझ्या दुकानात त्या वेळी आजूबाजूला फक्त समोरचा मोबाइल कव्हरवाला होता, आणि तो काम सोडून बघायला लागला. कुठलं बोट दाबलं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसता हात सोडवायची धडपड करत होतो. ती धडपड कुठल्या तरी भावात बसली असावी, कारण तात्यांचा चेहरा उजळला. "पटलं," ते म्हणाले. वर अटही सांगितली: जनावर घरी नेऊन चालवून बघायचं, खोड निघाली तर दाव्यासकट परत. प्रोजेक्टर परत घेण्याची अशी अट मी आजवर कुणाची मानलेली नाही. तात्यांची मानली, कारण माझा हात अजून उपरण्याखाली होता.

गोठा पाहायला गेलो. दगडी भिंती, वर पत्रा, लांबी भरपूर. कधीकाळी तिथे जनावरांची रांग असायची. आता एका टोकाला चंद्री नावाची एकच म्हैस उरली होती आणि तात्या तिला घरातल्या मोठ्या माणसाचा मान देत होते. तिच्या आणि गोल्फच्या मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत घालायचं ठरलं. मी नेलेल्या प्रोजेक्टरला तात्यांनी दारातच थांबवलं आणि हळदकुंकू लावलं. नवं जनावर घरात येतं तेव्हा हे काम घरातल्या बाईचं असतं. ते आता तात्याच करतात, आणि मनापासून करतात. त्यांनी लेन्सवरही एक बोट ओढलं. पहिल्या दिवशी पडद्यावर जे मैदान दिसलं त्याच्या मधोमध सूर्य मावळत होता. तो सूर्य नाही, कुंकू आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

चेंडूचा वेग ओळखणारं यंत्र एका ओळखीच्या इंजिनिअरनं लावून दिलं, त्यात निवडीला फारसा वाव नव्हता. निवड सगळी प्रोजेक्टरची, आणि तिथे तात्यांची परीक्षा कडक. पहिलं यंत्र साधं होतं, लांबून चित्र टाकणारं, म्हणून मी ते मागच्या भिंतीला लावलं. तात्या काठी घेऊन उभे राहिले आणि पडद्यावर त्यांचीच सावली पडली, पागोट्यासकट, गोठ्याच्या आढ्याएवढी उंच. सावलीनं काठी उगारली. तट्ट्यापलीकडे चंद्रीनं दावं तोडायचा प्रयत्न केला. तात्या म्हणाले, चोईसायेब दिवसभर कंपनीत लोकांवर काठी उगारतात, घरी येऊन स्वतःलाच भ्यायचं का. यंत्र परत गेलं.

दुसरं मी जवळून मोठं चित्र टाकणारं आणलं आणि खेळणाऱ्याच्या पुढे जमिनीवर ठेवलं. सावली गेली. पण पहिला चेंडू मारायचा मान तात्यांचा. त्यांनी आयुष्यात काठी हातात घेतलेली ती गुरं वळायला आणि विटीदांडूला, तेव्हा त्यांनी दोन्ही कलांचा मेळ घातला. चेंडू पडद्याकडे गेलाच नाही. तो गव्हाणीच्या दगडावर आपटला, प्रोजेक्टरच्या अंगावरून गेला आणि दुधाच्या बादलीत पडला. त्या संध्याकाळी चंद्रीनं पान्हा चोरला, थेंबभर दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन, "खोड निघाली." मी म्हणालो, खोड यंत्राची नव्हती. ते म्हणाले, म्हशीला कोण समजावणार.

तिसरं यंत्र वर टांगायचं, बंदिस्त, म्हणजे कडब्याचा भुसा आत जाणार नाही आणि पंख्याचा आवाज जेमतेम ऐकू येईल असं. हे यंत्र मला स्वतःला आवडलं होतं. पण तात्यांच्या गोठ्यापलीकडे, कुंपणाला लागून, लोखंड ठोकायचा कारखाना आहे. तिथला हातोडा तिन्ही शिफ्ट चालू असतो. गावातली माणसं बोलताना वाक्याच्या मध्येच थांबतात, हातोडा पडू देतात आणि त्याच शब्दापासून पुढे बोलतात. सुरुवातीला मला वाटायचं की या गावात सगळेच फार विचारपूर्वक बोलतात. हातोडा पडला की पत्र्याखालची तुळई हलायची, तुळईला टांगलेला प्रोजेक्टर हलायचा आणि पडद्यावरच्या मैदानाला भूकंप व्हायचा. शेवटी तुळईचा नाद सोडून जमिनीत वेगळा खड्डा घेतला, त्यात सिमेंट भरून लोखंडी खांब उभा केला आणि त्याच्या हाताला यंत्र बसवलं. या कामात माझे बरेच रविवार गेले. बायकोनं विचारलं, मिळतंय काय यातून. मी म्हणालो, मेथी.

ती खरोखर मिळत होती. तात्या मला रिकाम्या हातानं कधी परत पाठवत नसत.

रंगाची परीक्षा तर विचारू नका. हे तिसरं यंत्र ठरवण्याआधी दोन यंत्रं शेजारी लावून मी एकच मैदान दोन्हीवर दाखवलं होतं. माझं गिऱ्हाईक अशा वेळी सिनेमातली नटी बघतं. तात्यांनी फक्त गवत पाहिलं. डावीकडचं चित्र जास्त भडक होतं, दुकानात बहुतेकांना तेच आवडतं. तात्या म्हणाले, "ह्यो हिरवा खताचा हाय. ह्यो न्हाई टिकायचा." उजवीकडचं घेतलं. मग त्या मैदानाबद्दल त्यांच्या शंका सुरू झाल्या. एवढं पाण्याखालचं रान नुसतं गवताला कुणी सोडलं? मध्ये मध्ये वाळू कुणी टाकली, बांधकाम निघालंय का? मालक दिसत नाही तो कुठे असतो? मी म्हणालो, तात्या, ते स्कॉटलंडमध्ये आहे. त्यावर ते म्हणाले की मग भाऊबंदकी असणार.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. चोईसाहेबांना काही कळू द्यायचं नव्हतं, पण त्यांचं माप तर हवं होतं, कारण काठी उगारली की ती वरच्या यंत्राला लागता कामा नये. तात्यांनी युक्ती काढली. एका संध्याकाळी चोईसाहेब कंपनीतून आले, तेव्हा त्यांनी त्यांच्या हातात बांबू दिला आणि शेवग्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. मी पाण्याच्या टाकीमागे टेप घेऊन उभा होतो. चोईसाहेबांनी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली, झाडाला किंचित वाकून नमस्कार केला आणि शेंगा पाडायला लागले. हा इथला काही रिवाज असावा असं त्यांना वाटलं असणार. बूट-मोजे घातलेला क्वालिटीचा अधिकारी मन लावून शेवगा झोडपतोय आणि मालक त्याच्या कोपराकडे रोखून बघतोय, असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मला चहाला थांबवून घेतलं, म्हणून त्या दोघांची बैठकही पाहायला मिळाली. बंगल्याला ओटा आहे. त्यावर दोन खुर्च्या समोरासमोर. चोईसाहेब कपडे बदलून खाली आले आणि एका खुर्चीवर बसले, तात्या दुसरीवर. तात्यांनी मराठीत सुरुवात केली. कोथिंबिरीचा भाव पडल्यापासून ते धाकट्या सुनेनं फोन न उचलण्यापर्यंत सगळं सांगून झालं. मध्ये हातोडा पडला की थांबायचे. चोईसाहेब मान हलवत होते. मग तात्या थांबले आणि चोईसाहेब कोरियन भाषेत बोलू लागले. तेही बराच वेळ, हातवारे करून, आणि हातोड्याला थांबून. तात्या "व्हय व्हय" म्हणत होते. एका ठिकाणी तर "आरारा" म्हणाले.

मोबाइलवर भाषांतर करून मिळतं, असं मी तात्यांना सुचवलं. ते म्हणाले, केलं होतं एकदा, पण मोबाइल दोघांच्या वतीनं इतकं गोड बोलायला लागला की कोण बोलतंय तेच कळेना. "मधी तिसरा माणूस कशाला?" मी तिसराच बसलो होतो, म्हणून चहा संपवून उठलो.

वसुबारसेच्या संध्याकाळी उद्घाटन ठरलं. गोठा सारवलेला, चंद्रीच्या शिंगांना रंग, प्रोजेक्टरच्या खांबाला झेंडूचा हार. हार लेन्सपासून लांब राहील याची काळजी मी घेतली होती. तात्यांनी चोईसाहेबांना हाताला धरून आत आणलं आणि मला खूण केली. मी बटण दाबलं. गोठ्याच्या भिंतीवर हिरवं रान उलगडलं, लांबवर समुद्र, वर ढग.

चोईसाहेबांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग बूट काढून बाजूला ठेवले, मोज्यांवर पुढे गेले, काठी उचलली आणि चेंडू मारला. चेंडू पडद्यावर आदळला आणि चित्रातून समुद्राच्या दिशेनं गेला. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. चोईसाहेब वळून तात्यांसमोर इतके खाली वाकले की तात्यांनी त्यांना आशीर्वादच दिला. दोघांचेही डोळे भरले होते आणि मीही माझ्या धंद्यावर खूष होतो. दिवाळी झाली आणि चोईसाहेबांनी कराराला मुदतवाढ दिली. तात्या पेढे घेऊन दुकानात आले. समोरच्या कव्हरवाल्याला मी ऐकवलं की योग्य प्रोजेक्टर निवडला तर माणूससुद्धा टिकतो. हे मी दुकानाच्या पाटीवर लिहून घ्यायच्या बेतात होतो.

पुढे काही आठवड्यांनी मी यंत्राची सफाई करायला गेलो. तात्या तट्ट्यापलीकडे धार काढत होते. चोईसाहेब काठी टेकून उभे होते, मी शिडीवर. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात इंग्रजीत बोलू लागले. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे मला सगळं समजलं.

ते म्हणाले, त्यांना गोल्फ अजिबात आवडत नाही. त्यांच्या देशात दर सुट्टीला साहेबांबरोबर खेळायला जावं लागायचं. चांगलं खेळलं तर साहेब रुसायचे, वाईट खेळलं तर साहेब शिकवायचे. इथे आल्यावर मुद्दाम या गावात घर घेतलं, ते याच कारणासाठी, की चाकणचं ट्रॅफिक ओलांडून कुणी साहेब गोल्फला बोलवायला येणार नाही. टॉवरमध्ये जायला तर त्यांनी गणपतीतच नकार दिला होता. ड्रायव्हरची बातमी शिळी होती.

मी शिडीवरच बसलो. तुम्ही तात्यांना का सांगत नाही, असं विचारलं. चोईसाहेबांनी एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तात्या रोज संध्याकाळी तिथे बसून खेळ बघतात, प्रत्येक चेंडूला टाळ्या वाजवतात, इतक्या वयाच्या माणसाचा आनंद मी कसा मोडू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला शपथेसारखं बजावलं की हे तात्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मग तात्या दुधाची बादली घेऊन आले आणि चोईसाहेब लगेच हसतमुखानं पुढचा चेंडू मारायला गेले.

मी सामान आवरून गाडीकडे निघालो. तात्या मेथीची जुडी घेऊन मागोमाग आले. जुडी गाडीत ठेवली तरी जाईनात. गाडीच्या टपावरची धूळ बोटानं पुसत उभे राहिले.

"दुकानदार, एक इचारू?" ते म्हणाले. "त्या यंतराला मधी मधी बंद पडायची सोय असती का?"

मला वाटलं चंद्रीचं काही झालं. विचारलं, पुन्हा पान्हा चोरते का?

"म्हशीचं काय न्हाई, तिला सवय झाली." हातोडा पडला, तात्या थांबले. "पयलं त्यो माझ्यासमोर बसायचा. आता त्याचं तोंड पडद्याकडं आन पाठ माझ्याकडं. रोज मी त्याची पाठ बघत बसतो आन टाळ्या वाजवतो."

मी म्हणालो, मग सांगून टाका त्यांना.

"कसं सांगू? एवढ्या हौसेनं खेळतोय. हौस मोडली तर जाईल निघून." त्यांनी बोटाची धूळ उपरण्याला पुसली. मग नेहमीच्याच आवाजात, कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं, म्हणाले, "त्याला आपलं बोलणं कळत न्हाई, म्हणून समदं सांगता येतं. आमची ही गेली त्या दिवसाचं मी पोरांना कवा सांगितलं न्हाई. पोरं रडत्यात, मग आपल्यालाच त्यांना गप करावं लागतं. ह्याला सांगितलं. त्यो ऐकत बसला. मग त्यानं बी कायतरी सांगितलं, लई येळ. त्याचं बी कोणतरी गेलेलं असणार."

मला वाईट वाटलं. भाड्याशी मतलब असलेला माणूस म्हणून मी तात्यांची गंमत दुकानात चारचौघांत रंगवून सांगत आलो होतो. आणि ज्या यंत्राच्या निवडीचा मला एवढा अभिमान, ते बसवून मी या दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांची संध्याकाळची बैठक मोडली होती. एकाचं गुपित मला इंग्रजीत माहीत, दुसऱ्याचं मराठीत, आणि तोंड दोन्हीकडून बांधलेलं.

मी शिडी पुन्हा गाडीतून काढली. गोठ्यात गेलो, खांबावर चढलो, प्रोजेक्टरला कान लावला आणि चेहरा पाडला. आधी मराठीत आणि मग इंग्रजीत जाहीर केलं की आतला पंखा गेला आहे, यंत्र दुकानात न्यावं लागेल, आणि त्याचा पार्ट बाहेरून येतो, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. उत्तम चालू असलेलं यंत्र नादुरुस्त म्हणून मी पहिल्यांदाच खाली उतरवत होतो.

तात्या म्हणाले, "आरारा." चोईसाहेबांनीही दुःखानं मान हलवली आणि काठी कोपऱ्यात उभी केली. परत कधी आणणार, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. चोईसाहेबांनी तर यंत्र गाडीपर्यंत उचलून आणायला मदत केली, आणि ते जड आहे असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं. मी शिडी बांधत होतो तोवर ओट्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

यंत्र माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे. अधूनमधून चालू करून बघतो, खराब होऊ नये म्हणून. तात्यांचा दर आठवड्याला फोन येतो, आणि तो नेमका संध्याकाळी येतो. पार्ट आला का, असं विचारतात. नाही आला म्हटलं की म्हणतात, सावकाश येऊ द्या. परवा मला राहवेना. मी म्हणालो, तात्या, फारच उशीर होतोय, दुसरं यंत्र लावून देऊ का? पलीकडे हातोडा पडल्याचं ऐकू आलं, आणि तो थांबल्यावर चोईसाहेबांचा आवाज, कोरियन भाषेत काहीतरी लांबलचक सांगत असलेला.

"नगं," तात्या घाईनं म्हणाले. "ठेवतो आता. त्यांचं बोलणं अर्ध्यात ऱ्हायलंय."